फ्यूज शाबूत, डबा मात्र कोळसा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पावसाळा तोंडावर आलाय, म्हणून हे पत्र. कोल्हापुरात जुन्या गाड्या हौसेनं जपणारे पुष्कळ आहेत. त्यांनी एकदा फ्यूज बॉक्सचं झाकण काढून आत पाहावं, एवढंच मागणं आहे.

आमची १९७९ ची प्रीमियर पद्मिनी सासऱ्यांनी घेतलेली. २०१९ च्या महापुरात शाहूपुरीत ती चार दिवस पाण्यात होती. नंतर इंजिन खोललं, सीटा बदलल्या, गाडी चालू झाली. वायरिंगकडे कुणी पाहिलं नाही, मीही नाही. गेल्या जुलैत पन्हाळ्याहून उतरताना वाघबिळाच्या अलीकडे, ऐन वळणावर दोन्ही हेडलाइट गेले. पाऊस, धुकं आणि शेजारी नात. डॅशबोर्डवर हात आपटला तसे दिवे परत लागले आणि पाठोपाठ करपल्याचा वास आला. तो वास अजून नाकातून जात नाही.

दुसऱ्या दिवशी उद्यमनगरातल्या वायरमननं झाकण काढलं. फ्यूज शाबूत होता. डब्याचा कोपरा मात्र करपून तडकलेला, फ्यूज धरून ठेवणाऱ्या पितळी पाकळ्यांवर हिरवा गंज. "काकू, फ्यूजला काय झालं न्हाई. पाकळ्या ढिल्या पडल्यात, डबाच गेलाय," तो म्हणाला.

मी तीस वर्षं विज्ञान शिकवलं. दहावीच्या मुलांना ज्यूलचा नियम दरवर्षी सांगितला: विजेच्या वाटेत रोध, म्हणजे अडथळा, असला की प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध एवढी उष्णता दर सेकंदाला होते. पण तो माझ्याच गाडीत असा दिसेल असं वाटलं नव्हतं. या गाड्यांतले जुने फ्यूज दोन्ही टोकांना निमुळते असतात आणि केवळ पाकळ्यांच्या दाबावर टिकतात. पाकळी सैल झाली, गंजली, की तिथं रोध वाढतो. सोळा अँपिअर प्रवाह आणि ओहमचा दहावा भाग एवढा रोध धरला, तरी पंचवीस वॅट उष्णता होते. घरातलं छोटं सोल्डरिंग आयर्न तेवढ्याच वॅटचं असतं. ते डब्यात तासभर टेकवून ठेवल्यासारखं झालं! आणि प्रवाह वाढलेलाच नसतो, म्हणून फ्यूज उडत नाही. फ्यूज आहे म्हणजे आपण सुरक्षित, हा आपला समज इथं फसतो.

त्यात काही वर्षांपूर्वी एका गॅरेजात शंभर वॅटचे बल्ब टाकून घेतले होते. दोन दिव्यांचे दोनशे वॅट, म्हणजे बारा व्होल्टला सोळा अँपिअरच्या वर. फ्यूज उडू लागला तसा तिथंच त्याच्यावर सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद गुंडाळून दिला गेला. कृपा करून असं कुणी करू नका, करू देऊ नका.

जुन्या बाजारातून दुसरा डबा आणला, तर त्याच्याही पाकळ्या सैल. शेवटी ब्लेड फ्यूजचा नवा डबा बसवला. त्याची पाती रुंद, पकड घट्ट. वायरमननं आधी बॅटरीचं टर्मिनल काढलं, एकेका वायरला चिकटपट्टी लावून नंबर घातले, फोटो काढले, मगच वायर सोडवली. करपलेली टोकं कापून नवे लग, म्हणजे वायरच्या टोकाची धातूची टोपणं, दाबले. हेडलाइटला रिले, म्हणजे थोड्या प्रवाहानं मोठा प्रवाह चालू-बंद करणारे स्विच, दिले, त्यामुळे मोठा प्रवाह आता डॅशबोर्डवरच्या स्विचमधून जात नाही. बल्ब परत साधे. दीड दिवस लागला. मूळ डबा गेला याची हौशी मंडळींना हळहळ वाटेल, मलाही वाटली. पण मागच्या सीटवर नात बसते.

असं काम जाणणारे हात आता साठीच्या पुढचे आहेत. आयटीआयच्या मुलांना जुन्या गाडीचं वायरिंग एकदा तरी उघडून दाखवावं. माझा करपलेला डबा मी जपून ठेवलाय. कुणा निदेशकाला वर्गात दाखवायला हवा असेल, तर मी स्वतः आणून देईन.

– एक निवृत्त शिक्षिका, शाहूपुरी, कोल्हापूर