बटाटा मार्चमध्ये नको, तुळशीच्या लग्नाआधी लावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत कुंडीत बटाटे कसे लावायचे यावर अर्धं पान आलं होतं, फोटोही छान होते. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सकाळी नऊच्या आत तीन जणींनी ते पान टाकलं आणि दुपारपर्यंत मला चार फोन आले, की ताई तुम्ही दरवर्षी लावता ना, मग आता मार्च आलाच, आम्ही पण लावतो, लेखात मार्चच लिहिलाय, तुमच्याकडं जास्तीच्या ग्रो बॅग आहेत का. चौघींनाही मी नको म्हणून सांगितलं, पण आपला पेपर हजारो घरात जातो, त्या सगळ्यांना फोन कोण करणार, म्हणून हे पत्र.

लेखात असं होतं की थंडीचा कडाका संपला, बर्फाचा धोका टळला की मार्च-एप्रिलमध्ये बटाटा लावावा. हा सल्ला खोटा नाहीये, पण तो आपला नाही. इंग्लंड-अमेरिकेत हिवाळ्यात जमीन गोठते, बटाट्याचा कोवळा पाला तिथं एका रात्रीत काळा पडतो, म्हणून ती माणसं थंडी जायची वाट बघतात आणि त्यांचा उन्हाळा आपल्या थंडीच्या दिवसांसारखा असतो. आपल्याकडं सगळं उलटं आहे, बटाट्याला लागणारी हवा आपल्याला मिळते तीच मुळी नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चमध्ये लावलेल्या रोपाला खाली बटाटे धरायची वेळ येते ती एप्रिलच्या शेवटाला, तेव्हा पुण्यात दिवसा चाळिशीच्या आसपास ऊन आणि रात्री पण वीस अंशांच्या वर. बटाटा पोसतो तो रात्रीच्या गारव्यात. पानांनी दिवसभर जे अन्न तयार केलं ते गार रात्री खाली साठतं, रात्र गरम असली की झाड ते स्वतःच खर्च करून टाकतं, वर पाला मस्त हिरवागार उंच होतो, बघणारा खूश होतो, आणि खाली उकरलं की हरभऱ्याएवढ्या गाठी.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाहीये, दोन वर्षं घालवून सांगतेय. २०१९ च्या मार्चमध्ये एक व्हिडिओ बघून आठ पिशव्या लावल्या, काही मिळालं नाही, मला वाटलं खत कमी पडलं. २०२० ला लॉकडाऊनमध्ये घरातच होतो तर परत लावल्या, या वेळी शेणखत, गांडूळखत, निंबोळी पेंड सगळं घातलं, रोज दोन वेळ पाणी, आणि मे अखेरीला सगळ्या पिशव्या उलट्या केल्यावर मिळून पाव किलो पण नव्हते. मला खरंच रडू आलं होतं, कारण माझं माहेर आंबेगाव तालुक्यात सातगाव पठारावर आहे, पेठ-कुरवंडीचा तो सगळा पट्टा बटाट्याचाच, मी बटाट्याच्या सरीत खेळून मोठी झालेली बाई, आणि मला कुंडीत बटाटा येईना. दादाला फोन केला तर तो म्हणाला, "अगं, बटाट्याला गारवा लागतो गारवा, तू त्याला भर उन्हाळ्यात गच्चीवर कशाला बसवलंस?" मी म्हटलं आपल्याकडं तर पाऊस पडला की लावतात, थंडीत कुठं. तर तो म्हणाला पठार उंचावर आहे, पावसाळ्यात तिथली हवा गार असते आणि जमीन निचऱ्याची, म्हणून तिथं खरिपाचा बटाटा येतो, तुझ्या चिंचवडच्या कुंडीत पावसाळ्यात तो कुजेल, तू दिवाळीनंतरचा लाव. इतकी साधी गोष्ट, लहानपणी डोळ्यासमोर असून माझ्या कधी लक्षात आली नव्हती.

तेव्हापासून मी तारीख बघत नाही, पंचांग बघते. दिवाळीची आवराआवर झाली की तयारी, तुळशीच्या लग्नाच्या आत लावून मोकळं व्हायचं, आणि महाशिवरात्रीच्या उपासाला घरचा बटाटा काढायचा. मधे साधारण शंभर दिवस जातात, आपल्याकडं मिळणाऱ्या बहुतेक जातींना नव्वद ते शंभर दिवस पुरतात. परवाच्या महाशिवरात्रीला मी दीड किलो बेण्यातून, म्हणजे लावायच्या बटाट्यातून, साडेसात किलो काढले, सहा पिशव्या आणि गच्चीच्या कडेचा एक लांबट वाफा, बस. उपासाच्या भाजीला कुकरला लावले तर त्यांचा वासच वेगळा होता, साल बोटानं सरकत होती. बाजारातला बटाटा महिनोन्महिने कोल्ड स्टोरेजमध्ये राहून आलेला असतो, तो स्वस्त असतो आणि त्याला नावं ठेवायचं काही कारण नाही, पण मातीतून काढून तासाभरात शिजवलेला बटाटा ज्यानं खाल्ला नाही त्याला मी काय सांगतेय ते कळणार नाही.

आता बेण्याचं. लेखात होतं की घरातला कोंब आलेला कुठलाही बटाटा कापून लावा. येतो, नाही असं नाही, पण नशिबावर. एक तर बाजारातला बटाटा बऱ्याचदा कोंब येऊ नयेत म्हणून प्रक्रिया करून ठेवलेला असतो, तो मातीत नुसता बसून राहतो. आणि दुसरं म्हणजे त्याच्यात व्हायरस असू शकतो, तो वरून दिसत नाही, रोप आलं की पानं गोळा होतात आणि झाड खुजं राहतं. हा व्हायरस मावा, म्हणजे पानांचा रस शोषणारी बारीक कीड, पसरवते. माझ्या माहेराजवळच्या मंचरच्या मार्केटला बेणं पंजाबातून येतं त्याचं कारण पण हेच आहे, तिथं थंडीत ठरावीक काळ मावा अगदी कमी असतो, त्याच काळात बेण्याचं पीक घेऊन मावा वाढायच्या आत पाला कापून टाकतात. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेनं बसवलेली ही पद्धत, डॉ. पुष्करनाथ नावाच्या शास्त्रज्ञांचं हे काम, आणि त्याच्यामुळंच आपल्या देशाला मैदानी भागात चांगलं बेणं तयार करता आलं. कुफरी ज्योती, कुफरी चंद्रमुखी, कुफरी पुखराज ही नावं ऐकली असतील, ते कुफरी म्हणजे सिमल्याजवळचं गाव. आपल्या गरम हवेसाठी कुफरी लवकर आणि कुफरी सूर्या अशा जाती पण त्यांनी काढल्यात.

पण घरी लावणाऱ्याला हे बेणं मिळायचं कसं? खरी अडचण इथं आहे आणि ती आपण छापावी अशी माझी विनंती आहे. बेणं मिळतं ते ५० किलोच्या पिशवीत. मला दोन किलो पाहिजे. दुकानदार म्हणतो पिशवी फोडत नाही, त्याचंही बरोबर आहे, उरलेलं तो कोणाला विकणार. मला माझा दादा पाठवतो म्हणून माझं भागतं, बाकीच्यांनी काय करायचं? मेथी, पालक, टोमॅटो, मिरची सगळ्याचं बी दहा-वीस रुपयांच्या पाकिटात मिळतं, मग बटाट्याचं बेणं दोन-दोन किलोच्या जाळीच्या पिशवीत दिवाळीनंतर नर्सरीत का मिळू नये? कृषी विभागानं, नर्सरीवाल्यांनी, शेतकरी कंपन्यांनी मनावर घेतलं तर अवघड नाही. तोपर्यंत दहा-बारा घरांनी मिळून एक पिशवी घ्यावी, घरटी चार-पाच किलो येतात, तेवढी गच्ची नसेल तर आणखी घरं जोडावीत. आम्ही एक वर्ष तसं केलं होतं, वाटप आमच्या पार्किंगमध्ये झालं आणि मला ते फार आवडलं, एरवी लिफ्टमध्ये नुसतं हसणाऱ्या बायका अर्धा तास मातीवर बोलत होत्या.

बेणं लहान अंड्याएवढं असेल तर कापू नका, अख्खंच लावा. मोठं असलं तर प्रत्येक फोडीला दोन-तीन डोळे येतील आणि फोड तीस-चाळीस ग्रॅमची राहील असं कापायचं, सुरी पुसून घ्यायची, आणि कापल्याबरोबर मातीत घालायचं नाही, सावलीत दोन दिवस पसरून ठेवलं की कापलेली बाजू सुकते, मग ते कुजत नाही. कापलेल्या बाजूला थोडी राख चोळली तरी चालतं, पण पालाश (पोटॅश) मिळतो म्हणून कुंडीत ओंजळीओंजळीनं राख ओतू नका, त्यानं माती अल्कधर्मी होते आणि बटाट्याच्या सालीवर खपल्या येतात. माती भुसभुशीत पाहिजे, आमच्याकडची काळी चिकट माती नुसती वापरली तर पाणी साचून बेणं सडतं, निम्मी माती, बाकी कंपोस्ट आणि कोकोपीट असं मी घेते. पंधरा-वीस लिटरच्या पिशवीत दोन फोडी, जास्त नाही.

आणि भर, म्हणजे रोपाच्या बुंध्याला माती चढवणं. यावर लेखात एकच ओळ होती, म्हणून जरा सविस्तर लिहिते. बटाटा हे मूळ नाही, खोड आहे. रताळं मूळ आहे, बटाटा खोड, म्हणून तर त्याला डोळे असतात आणि डोळ्यातून कोंब येतात. रोपाच्या जमिनीखालच्या भागातून आडव्या फुटी निघतात आणि त्यांच्या टोकाला बटाटा फुगतो, ती फूट उजेडात आली तर तिला पानं येतात आणि बटाटा उजेडात आला तर तो हिरवा होतो. म्हणून रोप वीतभर झालं की, म्हणजे साधारण पंचविसाव्या-तिसाव्या दिवशी, बुंध्याला माती चढवायची, परत पंधरा दिवसांनी चढवायची. मी पिशवी लावताना वरून गुंडाळून अर्धीच भरते आणि मग भर देत देत उलगडत नेते. पण याचा अर्थ असा नाही की माती चढवत गेलं की मजल्यावर मजले बटाटे लागतात, तो ड्रमभर बटाट्यांचा व्हिडिओ खूप फिरतोय, मी करून बघितलाय, बटाटे लागतात ते बेण्याच्या आसपासच्या थरात, वर नुसता दांडा.

हिरव्या बटाट्याबद्दल मात्र हात जोडून सांगते. आपल्या लेखासोबत पारदर्शक प्लॅस्टिकच्या डब्यातले बटाटे दाखवलेत, मुलांना वाढताना दिसावेत म्हणून. दिसायला सुंदर आहे, पण डब्याच्या कडेला लागलेले सगळे बटाटे उजेडानं हिरवे होणार. तो हिरवा रंग स्वतः काही करत नाही, पण त्याच उजेडानं बटाट्यात सोलानिन पण वाढतं, ते विषारी आहे, पोटात दुखतं, उलट्या-जुलाब होतात, आणि उकडून किंवा तळून ते जात नाही. आमच्या खालच्या मजल्यावर एका घरी असाच डबा केला होता, काढल्यावर कौतुकानं भाजी केली, पहिल्या घासाला कडू लागली म्हणून त्यांनी टाकून दिली, नाहीतर ताटावर सहा वर्षांचं पोर बसलं होतं. मुलांना दाखवायचंच असेल तर डब्याला बाहेरून काळा कागद गुंडाळा, बघताना तेवढा काढा आणि परत लावा. बटाट्याला कधी कधी फुलं येऊन गेल्यावर बारक्या हिरव्या टोमॅटोसारखी फळं पण धरतात, ती पण विषारी, लहान मुलं तोंडात घालतील, दिसली की तोडून टाका. हल्ली शाळाशाळांत परसबागा आहेत, तिथल्या बाईंना आणि सरांना हे माहीत असायलाच पाहिजे.

टोमॅटोच्या शेजारी बटाटा लावा असं पण होतं, ते नको. बटाटा, टोमॅटो, वांगी, मिरची ही सगळी एकाच कुळातली, एकाचा करपा रोग दुसऱ्याला लागतो. १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्याच्या ज्या करप्यानं दुष्काळ पडून लाखो माणसं गेली तोच करपा टोमॅटोवर पण येतो. ढगाळ दमट हवा आठवडाभर राहिली की पानावर काळपट ओले डाग दिसतात, ती पानं लगेच काढून लांब टाकायची, कंपोस्टमध्ये नाही, आणि पाणी पानावर न मारता बुंध्याशी द्यायचं. यंदाच्या पिशव्यांतली माती पुढच्या थंडीत परत बटाट्याला वापरू नका, त्यात मेथी, गवार काहीतरी लावा.

काढायच्या आधी आठ-दहा दिवस पाणी बंद करायचं, पाला पिवळा पडलेला असतोच, तो कापून टाकायचा, म्हणजे आत साल पक्की होते आणि बटाटा टिकतो. ठेवायचा तो अंधारात, फ्रिजमध्ये नाही. पठारावर झाडाच्या सावलीत बटाट्याची आरण, म्हणजे झाकलेला ढीग, लावायचे, वरून पाचट, पेंढा नीट झाकून, जरा फट राहिली की पाकोळी आत शिरते, डोळ्यापाशी अंडी घालते आणि अळी आतून बटाटा पोखरते. माझी आई रोज संध्याकाळी आरणीभोवती एक फेरी मारून कुठं उघडं पडलंय का बघायची. मी फ्लॅटमध्ये तेच करते, टोपलीत वर्तमानपत्राचे थर देऊन वरून गोणपाट घालते आणि रोज एकदा उचलून बघते.

तर संपादकसाहेब, माझी मागणी दोनच गोष्टींची. एक म्हणजे या रविवारी छोटीशी का होईना दुरुस्ती छापा, की महाराष्ट्रात मार्चमध्ये घरी बटाटा लावू नका आणि हिरवा झालेला खाऊ नका, कारण लोक आत्ता पिशव्या आणायला निघालेत. आणि दुसरं, दिवाळीच्या पंधरा दिवस आधी परत एक लेख द्या, आपल्या कोणत्या जिल्ह्यात कधी लावायचा ते तिथल्या शेतकऱ्यांना विचारून, आणि त्यात बेणं दोन किलोत कुठं मिळेल ते पण शोधून लिहा. मंचरला आपला वार्ताहर असेलच, दादाशी मी गाठ घालून देते.

आपली नेहमीची वाचक,
चिंचवड, पुणे