तिघऱ्याचा डोह राखा

महोदय,
ग्वाल्हेरजवळचे तिघरा धरण आटू लागले की उरलेला खोल डोह हाच माशांचा आसरा. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना जेमतेम साडेसात. तो ३ च्या खाली घसरला की रोहू-कटला गुदमरू लागतात, तेही पहाटे, कारण रात्रभर शेवाळही प्राणवायू वापरते. म्हणून मोजणी सूर्योदयापूर्वी, पृष्ठभागी, मध्यावर आणि तळाशी करावी. दुपारचा आकडा फसवा असतो! तळ गार असला तरी कुजणाऱ्या गाळामुळे तिथे प्राणवायू संपतो. एअरेटर (पाण्यात हवा मिसळणारे यंत्र) तळाशी लावून तो गाळ ढवळणे म्हणजे घातच. वरच्या थरात, रात्री चालवावा. आणि पाऊस येईपर्यंत डोहात जाळे टाकू देऊ नये, ही कळकळीची विनंती.

– एक मत्स्य अभ्यासक, लष्कर, ग्वाल्हेर