इंद्रियांनी बुद्धीला दिलेलं उत्तर

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू म्हणालास, "आई, गोडी साखरेत नसते गं, आपल्या मेंदूत असते." तेव्हा मला काही सुचलं नाही. पण चार दिवस तेच डोक्यात आहे, म्हणून लिहायला बसले.

तुझ्यासारखंच बोलणारा एक माणूस इ. स. पू. ४६०च्या सुमारास जन्मला होता, ग्रीसमधल्या अब्देरा गावचा डेमोक्रिटस. गोड, कडू, ऊन, गार, रंग हे सगळं मानण्यापुरतं. खरे फक्त अणू आणि पोकळी, असं तो सांगे. तरी चवीचं कारण त्याने अणूंच्या आकारातच शोधलं. गोडाचे अणू गोल आणि बेताचे मोठे, आंबटाचे कोनदार. चिंच जिभेला का झोंबते ते मला यातून लगेच पटलं! ॲरिस्टॉटलचा शिष्य थिओफ्रॅस्टस याने हे सगळं टिपून ठेवलं आणि नेमकी शंकाही काढली: चव जर आपल्यालाच होणारा भास, तर तिला ठरलेला आकार कसा? हाच प्रश्न मलाही तुला विचारायचा आहे.

त्या काळी बरेच जण म्हणत, सारख्याला सारखंच कळतं. सिसिलीतला एम्पेडोक्लिस म्हणे, आपल्यातल्या मातीमुळे माती दिसते, पाण्यामुळे पाणी. अथेन्समध्ये राहिलेला ॲनॅक्सागोरस मात्र उलट म्हणाला: जाणीव होते ती विरुद्धामुळे. आपल्याइतकंच ऊन असलेलं काही जवळ आलं तर ते ऊनही लागत नाही आणि गारही. हे वाचलं आणि तू लहानपणी तापाने फणफणायचास त्या रात्री आठवल्या. शेगडीपाशी शेकलेला हात कपाळाला लावला की मला ताप कळायचाच नाही. मग हात नळाखाली धरायचा, पुसायचा आणि पुन्हा लावायचा. तुझा ताप कळायला माझा हात गार असावा लागे.

आता ज्यासाठी हे पत्र लिहिलं ते. डेमोक्रिटसने इंद्रियांवर अविश्वास दाखवला, पण त्यांना बोलायची संधीही त्यानेच दिली. गेलेन नावाच्या वैद्यामुळे ते शब्द टिकून राहिले. इंद्रियं बुद्धीला म्हणतात: अगं अभागी बुद्धी, पुरावे आमच्याकडून घेतेस आणि आम्हालाच पाडतेस? आम्हाला पाडलंस तर तूही पडशील. आपल्याच सिद्धान्ताविरुद्धचं इतकं बळकट उत्तर त्याने स्वतः लिहून ठेवलं, याचा मला फार आदर वाटतो. गोडी मेंदूत असते हे ज्या यंत्रांनी सिद्ध केलं म्हणतोस, त्यांच्या पडद्यावरचे आकडे शेवटी कोणीतरी डोळ्यांनीच वाचले ना?

तिकडे वारा सुटलाय म्हणालास. प्लेटोच्या 'थिएटेटस' नावाच्या संवादात एकाच वाऱ्यात एकाला हुडहुडी भरते, दुसऱ्याला काहीच होत नाही. तुला गार लागत नाही हे माहीत आहे मला. तरी स्वेटर घालत जा.

तुझी,
आई