‘शंभर टक्के शुद्ध मधमाशी मेण’ या नावाने विकलेल्या प्रत्यंचेच्या मेणाबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
गुणवत्ता व ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आपल्या तांत्रिक सल्लागारांशी झालेले बोलणे आत्ताच आटोपले असून फोनवरून काही निष्पन्न होईल ही आशाही त्याबरोबर आटोपली आहे, म्हणून हे लेखी पाठवीत आहे. प्रत्यंचेला मेण कशासाठी लावतात हे मी आपणांस सांगण्याचे कारण नसावे. आपण ते विकता.

मी इंडियन राउंड, म्हणजे बांबूच्या साध्या धनुष्याने खेळायचा तिरंदाजीचा प्रकार, खेळणाऱ्या मुलींना शिकवते. आमच्या प्रत्यंचा डॅक्रॉनच्या असतात, कारण हा पॉलिस्टरचा धागा किंचित ताणतो आणि बाण सुटल्यावरचा हिसका बांबूच्या टोकांवर थेट बसू देत नाही. त्या आम्ही फ्लेमिश पद्धतीने हाताने वळतो. या पद्धतीत टोकाच्या फासाला गाठ नसते. पिळाची पकड आणि पेड एकमेकांना धरून ठेवणारे मेण, एवढ्यावरच तो फास उभा असतो. आपल्या मेणाच्या कांडीने मेणवलेले पेड वळतानाच एकमेकांपासून सुटत होते. धनुष्य चढवल्यावर फास सरकू लागला, प्रत्यंचा आणि मूठ यांमधले अंतर सरावाच्या मध्येच कमी होऊ लागले आणि दर ओढीला पांढरा चुरा मुलींच्या बाहीवर पडू लागला. पूर्ण ओढलेल्या धनुष्याची प्रत्यंचा निसटली तर बांबू तडकतो आणि समोर तोंड कोणाचे असते, हेही आपणांस ठाऊक असणारच.

या चुऱ्याबद्दल मी छायाचित्रांसह ईमेल केला. उत्तर आले की शुद्ध मधमाशी मेणावर पांढरी साय येणे नैसर्गिक असून ती शुद्धतेचीच खूण आहे. अशी साय येते, हे खरे आहे. परंतु ती कांडीच्या पृष्ठभागावर, थंडाव्यात, धुरकट थरासारखी येते आणि बोटाच्या उबेने नाहीशी होते. आपल्या कांडीचा चुरा प्रत्यंचा वाकवली की खवल्यांसारखा निघतो आणि बोटांत चोळला तर घरंगळतो. मधमाशीचे मेण चिमटीत मळले की मऊ होते, बोटांना किंचित चिकटते आणि मोडले तर त्याचा काप दाणेदार दिसतो. आपली कांडी मळताना निसरडी लागते, तुटताना कपची उडते आणि पातळ कपचीतून उजेड दिसतो. मेणबत्तीचे पॅराफिन वापरलेल्या कोणालाही हे वर्णन ओळखीचे वाटेल. पिवळा रंग आणि मधाचा वास मात्र भरपूर आहे. मधमाशीचा सहभाग वेष्टनावरच्या चित्रापुरताच असावा.

आता आजच्या संभाषणाविषयी. ईमेलने समाधान न झाल्यामुळे मला ‘वरिष्ठ तांत्रिक सल्लागार’ जोडून देण्यात आले. त्यांचा पहिला प्रश्न असा, “मॅडम, धनुष्य घरात कोण वापरतं? त्या सरांना फोन द्या ना.” मी म्हटले की धनुष्य मीच वापरते, प्रत्यंचाही मीच वळते आणि इतरांना शिकवतेही. क्षणभर थांबून ते म्हणाले, “हो, पण तांत्रिक बाजू कोण बघतं?” मी पुन्हा तेच उत्तर दिले. त्यावर त्यांनी, अत्यंत सावकाश आणि सोप्या शब्दांत, मला उपाय सांगितला: “असं करा, कढईत मेण वितळवा आणि दोरीवर ओता. तुमचं स्वयंपाकघर आहेच.” कढईतल्या मेणाचे तापमान नजरेने कळत नाही, ओतलेले जादा मेण धाग्यात मुरून प्रत्यंचा जड होते, आणि आपल्याच पत्रकात ही कांडी ज्यांच्यासाठी उत्तम म्हटली आहे ते अतिबळकट पॉलिएथिलीनचे धागे वितळण्याच्या बरेच आधी उष्णतेने ताणून लांबतात, हे मी सांगितले. मेण थंडच घासायचे आणि बोटांच्या किंवा चामड्याच्या तुकड्याच्या घर्षणाने आत मुरवायचे असते. सल्लागार म्हणाले, “मग दोरी बदलून बघा.” दोष मेणात आहे ही शक्यता त्यांच्या यादीत नव्हतीच. आपल्या तांत्रिक विभागाने हा सल्ला याआधी किती जणांना दिला आहे, हे जाणून घ्यायला मला आवडेल.

नाइलाजाने मी मेण स्वतः तयार केले. मधविक्रेत्याकडून आणलेली मेणाची ढेप पाण्याच्या भांड्यात ठेवलेल्या दुसऱ्या भांड्यात वितळवली, मलमलीतून गाळली आणि सुमारे पाच भाग मेणाला एक भाग चीड वृक्षाची कुटलेली राळ घातली. राळेमुळे चिकटपणा येतो; ती जास्त झाली तर मेण ठिसूळ होते, म्हणून थेंबभर तेल लागते. जपानी धनुर्धारीसुद्धा प्रत्यंचेसाठी राळ आणि तेलाचेच मिश्रण वापरतात. या घरगुती मेणाने वळलेला फास जागचा हलत नाही. हे सर्व माझ्या त्याच स्वयंपाकघरात झाले, हे सल्लागारांना कळवावे.

मधमाशीचे मेण साधारण ६२ ते ६५ अंश सेल्सिअसला वितळते. पॅराफिनही त्याच सुमारास वितळणारे मिळते, म्हणून केवळ वितळणबिंदू दाखवून माझी समजूत घालू नये. मधमाशीच्या मेणाचा अल्कलीशी संयोग होऊन साबण बनतो, पॅराफिनचा बनत नाही. ही चाचणी कोणत्याही प्रयोगशाळेत होते. माझ्या खोक्यावरील बॅच क्रमांकाचा असा अहवाल मला द्यावा, पूर्ण रक्कम परत करावी, वेष्टनावरील ‘शंभर टक्के शुद्ध’ हा दावा काढावा आणि कढईचा सल्ला लेखी मागे घ्यावा. इतकी वर्षे मी मुलींना आपल्याच कंपनीचे साहित्य घ्यायला सांगत आले, हे येथे नमूद करते. यापुढे सांगणार नाही.

पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करीन. ती मला माझ्याच जिल्ह्यात दाखल करता येते आणि वस्तूसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांच्या आत असल्यास शुल्कही पडत नाही.

सोबत बिलाची प्रत आणि न वापरलेल्या कांडीचा तुकडा जोडला आहे. उत्तर लेखीच द्यावे. फोन करायचाच झाल्यास तो मीच उचलेन. तो घ्यायला घरात दुसरे कोणी सर नाहीत.

आपली ग्राहक