शेवटच्या नळाचं पाणी

नाशिक, १४ जून

प्रिय विजू,

तुझं पत्र आणि सोबतचा पाणी तपासणीचा अहवाल मिळाला. अहवालात खोट काढण्यासारखं काही नाही. फक्त नमुना घेतलाय टाकीखालच्या तोटीतून आणि जुलाबाची पोरं आहेत कुंभारवाड्यात. टाकीखालचं पाणी 'पिण्यास योग्य' आलं म्हणजे कुंभारवाड्यातलंही योग्यच, असं तुमची पाणीपुरवठा समिती धरून चालली असेल तर आधी ते सोडा. टाकीपासून तिथवरच्या दीड किलोमीटरात पाण्याचं काय होतं, याबद्दल तो अहवाल एक अक्षर बोलत नाही.

तुमच्याकडे पाणी सकाळी पाऊण तास सुटतं. उरलेले सव्वातेवीस तास लाइन बंद. व्हॉल्व्ह बंद झाला की पाइपातलं पाणी उताराच्या बाजूच्या नळांतून निघून जातं आणि मागे पोकळी राहते. ती पोकळी जिथून मिळेल तिथून काहीतरी ओढून घेते. चांगल्या पाइपाला काही होत नाही, पण तुमच्या गल्ल्यांत घराची जोडणी गटारीतूनच गेलेली आहे. जीआयचा (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप नेमका गटारीच्या पाण्याला लागतो तिथेच गंजतो. सुईएवढं भोक पुरे. पाणी चालू असताना त्यातून थेंब बाहेर येतो, म्हणून कोणी लक्ष देत नाही. पाणी बंद झालं की त्याच भोकातून गटार आत जाते, आणि दुसऱ्या दिवशीचं पहिलं पाणी ज्याच्या हंड्यात पडतं त्याच्या घरी दवाखाना सुरू होतो.

विश्वास बसत नसेल तर एक सोपी गोष्ट करून बघ. कुंभारवाड्यातल्या वरच्या अंगाच्या एखाद्या नळाला हातभर रबरी नळी लाव आणि तिचं दुसरं टोक भरलेल्या बादलीत बुडव. तोटी उघडीच ठेव. व्हॉल्व्हमनने पाणी बंद केल्यावर पाच-दहा मिनिटं थांब. बादलीतलं पाणी खाली जायला लागलं, तर ते कुठे जातंय ते समितीतल्या सगळ्यांना उभं करून दाखव. मग प्रत्येक गोठ्यातल्या हौदात बुडवून ठेवलेली नळी काय करते, हे वेगळं सांगावं लागणार नाही. नळाला थेट मोटर लावणारे आणखी भर घालतात: मोटर शेजाऱ्याचं पाणी तर पळवतेच, पण चालू पुरवठ्यातही लाइनमध्ये ओढ निर्माण करते. प्रेशर मिळावं म्हणून जमिनीखाली खड्ड्यात बसवलेले नळ हा तिसरा प्रकार. खड्ड्यात सांडपाणी साचतं, तोटी त्यात बुडते, पुढचं तुला कळलंच.

आता क्लोरीन. क्लोरीन जंतू मारतं हे सगळ्यांना माहीत आहे, पण तुझ्या कामाचा त्याचा दुसरा गुण जास्त आहे. घाण भेटली की क्लोरीन खर्च होतं. म्हणून ते कुठे संपलं हे बघत गेलास, तर गळती कुठे आहे ते आपोआप सापडतं. ग्रामपंचायतीत ओटी किट, म्हणजे ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकून क्लोरीन मोजायचा संच, असेलच, जलसुरक्षकाकडे. पाणी सुटल्या सुटल्या ते घेऊन टाकीपासून निघ. टाकीखाली, मग चौकात, शाळेजवळ, मारुतीच्या देवळाशी, आणि शेवटी कुंभारवाड्याच्या टोकाला. समज टाकीखाली लिटरमागे ०.६ मिलिग्रॅम आलं, चौकात ०.५, शाळेजवळ ०.४, आणि देवळाशी एकदम शून्य. तर शाळा ते देऊळ एवढाच पट्टा उकरायचा. अख्खी लाइन बदलण्याचं अंदाजपत्रक नंतर करा.

किट वापरताना लोक हमखास चुकतात. नळी त्याच पाण्याने दोनदा विसळायची, खुणेपर्यंत भरायची, किटवर लिहिलेत तेवढेच थेंब टाकायचे आणि दहा सेकंदांच्या आत पिवळा रंग ताडून बघायचा. पाच मिनिटांनी बघितलंस तर रंग गडद झालेला असतो, पण तो घाणीशी जोडल्या गेलेल्या क्लोरीनचा, ज्यात जंतू मारायची ताकद फार थोडी. 'ओटी पॉझिटिव्ह' असे शेरे कित्येक वह्यांत याच उशिरामुळे पडतात. म्हणून वहीत नुसतं पॉझिटिव्ह लिहू नका, आकडा लिहा. ऑर्थोटोलिडीन विषारी आहे. तपासलेलं पाणी गटारीत टाकायचं आणि हात धुवायचे. शेवटच्या नळाला निदान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर हवं. साथीच्या दिवसांत ०.५ धरा.

टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, किती टाकायचं, असं तू विचारलंस. ताज्या पावडरीत साधारण ३३ टक्के क्लोरीन असतं. एक लाख लिटरच्या टाकीला लिटरमागे २ मिलिग्रॅम द्यायचं, तर २०० ग्रॅम क्लोरीन लागतं, म्हणजे सुमारे ६०० ग्रॅम पावडर. पण तुमची पोती गोदामात पत्र्याखाली पडलेली असणार. ऊन आणि दमट हवा लागली की पावडर मरत जाते. २० टक्क्यांवर उतरली असेल तर तेवढ्याच कामाला एक किलो लागेल. आणि नेमके किती टक्के उरलेत हे पोतं बघून कळत नाही. ढेकळं झाली असली आणि नाकात झोंबत नसली तर ती गेली एवढं कळतं.

म्हणून बादल्यांचा प्रयोग कर. त्याला टक्केवारी लागत नाही. १० ग्रॅम पावडर एक लिटर पाण्यात घोळ, गाळ बसू दे, वरची निवळी घे. १० लिटरच्या चार बादल्यांत बोअरचं पाणी घे. इंजेक्शनच्या सिरिंजने त्यांत ३, ६, ९ आणि १२ मिलिलिटर निवळी टाकून ढवळ, सावलीत अर्धा तास ठेव आणि मग ओटी बघ. ज्या पहिल्या बादलीत ०.५ किंवा जास्त येईल, तिचं प्रमाण धर: ३ मिलिलिटर म्हणजे लाख लिटरला ३०० ग्रॅम पावडर, ६ म्हणजे ६००, ९ म्हणजे ९००, १२ म्हणजे १ किलो २०० ग्रॅम. पावडर तीच, पाणी तेच, त्यामुळे हिशेब चुकत नाही. नवीन पोतं फोडलं की पुन्हा करायचा, आणि पहिल्या पावसानंतर तर नक्कीच.

टाकीत कोरडी पावडर कधीच ओतू देऊ नकोस. ती ढेकळं होऊन तळाला बसते, चुन्याचा थर धरतो, आणि वर हवं तेवढं क्लोरीन उतरतच नाही. प्लॅस्टिकच्या बादलीत आधी थोड्या पाण्यात पिठासारखी कालवायची, मग बादली भरायची, अर्धा तास निवळू द्यायची. गाळ बाहेर, निवळी आत. टाकी पाव भरली असताना आणि पंप चालू असताना ओतली की चांगली मिसळते. टाकी भरल्यावर अर्धा तास थांबूनच पाणी सोडायचं. हा अर्धा तास बहुतेक ठिकाणी मारला जातो, कारण लोक हंडे घेऊन उभे असतात. वाऱ्याकडे पाठ, नाकाला फडकं, डोळ्यांना चष्मा, एवढं त्या माणसाला समितीने द्यायलाच हवं. आणि वीज कमी आली की बोअरचं पाणी टाकीला वळसा घालून थेट लाइनमध्ये सोडता का, ते विचार. सोडत असाल तर त्या दिवशी गावाला क्लोरीन मिळालंच नाही, वहीत काहीही असो.

उगमाचं बोलायचं तर बोअरपेक्षा मला नाल्याकाठच्या विहिरीची काळजी वाटते. 'जमिनीतलं पाणी गाळून येतं' हे वाळूच्या प्रदेशात बरंचसं खरं आहे. आपल्या काळ्या दगडात पाणी भेगांतून धावतं, गाळायला मध्ये काही नसतं. कॅनडातलं वॉकर्टन हे असंच, जेमतेम पाच हजार वस्तीचं, विहिरींवर जगणारं गाव. तिथे मे २००० मध्ये जोरदार पाऊस झाला आणि शेजारच्या शेतातल्या शेणखताची घाण भेगाळलेल्या खडकातून एका उथळ विहिरीत उतरली. ती विहीर पाणी घेत होती जमिनीखाली पाच ते आठ मीटरवरून. दोन हजारांवर लोक आजारी पडले, सात मेले. चौकशीत निघालं की तिथले पाणीपुरवठ्याचे कर्मचारी क्लोरीन कमी टाकायचे आणि मोजमाप न करताच वहीत ०.५ आणि ०.७५ लिहायचे. तुमची वही मागवून बघ. रोज तोच आकडा असेल, पावसाळ्यातही, तर तो मोजलेला नाही.

बोअरची एक खूण सांगतो. पावसाच्या जोरदार सरीनंतर चार-सहा तासांत पाणी गढूळ येत असेल, तर केसिंग (बोअरच्या वरच्या भागात बसवलेला पाइप) मुरूमात अर्ध्यावरच सोडलंय किंवा त्याच्या बाहेरची फट बुजवलेली नाही, आणि वरचं पाणी सरळ खाली उतरतंय. केसिंग जमिनीवर हातभर हवं, भोवती सिमेंटचा ओटा, बाहेरच्या बाजूला उतार. सहा इंची बोअरमध्ये दर मीटरला सुमारे १८ लिटर पाणी असतं. ४० मीटर पाणी असेल तर ७०० लिटरच्या आसपास. १०० ते ११० ग्रॅम ताजी पावडर निवळी करून सोडायची, रात्रभर ठेवायची, मग वास जाईपर्यंत उपसून फेकायची. पण फट तशीच ठेवून हे केलंस तर पुढच्या सरीला पुन्हा तेच.

क्लोरीनने न सुटणारी गोष्ट म्हणजे नायट्रेट. अहवालात तुमचं ३८ आलंय, मर्यादा ४५ आहे. ते शोषखड्डे, उकिरडे आणि युरियातून येतं. उकळून जात नाही, उलट पाणी आटलं की प्रमाण वाढतं. सहा महिन्यांच्या आतल्या, वरच्या दुधावरच्या बाळाला ते बाधतं, त्यामुळे पावसाळ्यानंतर पुन्हा तपासा. फ्लोराइड तुमच्याकडे ०.६ आहे, मर्यादा १.५. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडच्या काही गावांसारखी ती डोकेदुखी तुम्हाला नाही. जडपणामुळे भांडी पांढरी होतात एवढीच कटकट. त्यासाठी पाणी वाईट ठरवू नकोस.

जारच्या पाण्याबद्दल वहिनींनी विचारलंय. आरओमधून क्लोरीन निघून जातं, त्यामुळे त्या पाण्याला पुढे कसलंच संरक्षण उरत नाही. जार नीट धुतला नसेल तर ते नळाच्या पाण्यापेक्षा वाईट ठरू शकतं. तूर्त घरात एवढं करा: पहिली दहा मिनिटं पाणी वापरायला, मग प्यायचं भरायचं. तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. लहानांसाठी उकळा, चांगली खळखळ उकळी मिनिटभर. माठात पेला बुडवायचा नाही, ओगराळं ठेवायचं.

पुढचा नमुना कुंभारवाड्याच्या शेवटच्या नळाचा पाठवा. प्रयोगशाळेने दिलेलीच निर्जंतुक बाटली घ्या. तिच्या तळाशी थोडी पावडर असते, ती क्लोरीन मारण्यासाठी असते, विसळून टाकू नका. तोटी पेटत्या बोळ्याने शेकायची, दोन-तीन मिनिटं पाणी सोडायचं, बोट न लावता बाटली भरायची, वर थोडी मोकळी ठेवायची. बर्फात ठेवून सहा तासांत पोचलेली बरी, फार तर चोवीस. शनिवारी काढू नका, रविवारी ती तशीच पडून राहील.

देवळापाशी शून्य आलं की कळव, आणि उकरण्याआधी जुन्या जोडण्यांचा नकाशा कोणाकडे आहे का ते निवृत्त व्हॉल्व्हमनला विचार. काकूंना नमस्कार.

तुझा,
सुधीर