बुधवारी रात्री मी ऑनलाइन का असते

तीर्थरूप आई-बाबांस,
सादर नमस्कार.

बाबा, रविवारी फोनवर तुम्ही फक्त "बघ तुझं तू" एवढेच म्हणालात. त्याचा अर्थ मला दहावीपासून ठाऊक आहे, म्हणून सविस्तर लिहीत आहे. नेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षेच्या क्लासला मी प्रवेश घेतलेला नाही आणि फीसाठी पाठवलेले पैसे तुमच्या खात्यावर परत केले आहेत. ते तुमच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ठेवा, पण मी मन मारले असे मात्र मनात आणू नका.

आई, रात्री एक वाजता माझ्या नावाखाली 'ऑनलाइन' दिसते, याची तुला काळजी वाटते. आयआयटी आणि आयआयएस्सी यांनी 2003 मध्ये सुरू केलेल्या एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षण उपक्रमाची व्याख्याने यूट्यूबवर विनामूल्य आहेत. क्वांटम मेकॅनिक्सचा त्यांचा अभ्यासक्रम मी घेतला असून, स्वाध्याय बुधवारी रात्री 11.59 पर्यंत द्यावा लागतो. तोपर्यंत उत्तरे कोणाला सांगायची नाहीत, हा आमच्या टेलिग्राम गटाचा कडक नियम आहे. त्यामुळे खरी चर्चा बारानंतरच रंगते. कोणी वहीवर सोडवलेल्या गणिताचा फोटो टाकते, त्यावर नंदुरबारची एक मुलगी लाल रेघ ओढून चूक नेमकी कोणत्या ओळीत झाली ते दाखवते. इतक्या बारकाईने वही तपासणे दोनशे मुलांच्या क्लासात होईल, असे मला वाटत नाही. नुसते रील पाहत बसण्यात वेळ जातो हे तुमचे म्हणणे मला पटते, पण हा अभ्यास आहे. शिवाय वसतिगृहात मी एकटी पडले होते, तेव्हा याच गटातल्या तिघी विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात भेटल्या आणि आता आम्ही जेवायलाही बरोबर असतो.

मेसमध्ये दोन्ही वेळा गरम जेवण मिळते आणि तू दिलेले नाचणीचे सत्त्व मी रोज सकाळी घेते. गुरुवारी पहिला तास उशिरा असल्याने झोपही पूर्ण होते. लोडशेडिंगच्या रात्री कंदिलाची काच पुसून, माझा अभ्यास संपेपर्यंत तू शेजारी वाती वळत बसायचीस. आता मी जागी असले तरी तू जागायचे नाही, दहाला झोपायचे.

बाबा, तुमच्या फोनबद्दलही सांगते. नातेवाइकांच्या ग्रुपवर रक्तदाबाचा जो काढा आला आहे, तो पाठवणाऱ्या काकांचा हेतू चांगलाच आहे, पण त्यावर विसंबून गोळी बंद करायची नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही बदलायचे नाही. बँकेचे नाव सांगून कोणी ओटीपी मागितला, तर फोन ठेवून द्यायचा. आणि ऑपरेशनची तारीख ठरली की आधी मला फोन करायचा, मग ग्रुपवर टाकायचे. त्या आठवड्यात मी घरी येईन. व्याख्याने तिथूनही पाहता येतात.

तुमची,
छकुली