काका, तुमची दस्ती माझ्याकडंच राहिली

काका, रामराम. तुमचा नंबर घ्यायचं ध्यानातच राहिलं नाही म्हणून इथं लिहायलोय, कोणाच्या ओळखीचे असतील तर पोचवा त्यांच्यापर्यंत. मागच्या रविवारी सेलूजवळ दुधनेच्या काठच्या पडीक रानात डिस्क गोल्फ, म्हणजे तबकड्या (डिस्क) फेकून साखळ्यांच्या बास्केटात टाकायचा खेळ, खेळायला 17 डिस्कची बॅग घेऊन घामाघूम झालेला पोरगा तो मीच. बास्केटच्या जागी बाभळीचं खोड, आन वर हा थाट!

पण माझं बी काय चुकलं, ज्याच्याकडून डिस्क घेतल्या त्यानं फोनवर सांगितलं की दर फेकीला वेगळी लागती, सेट पुराच घ्या. खेळणाऱ्यांच्या एका ग्रुपवर विचारलं किती न्यायच्या, तर उत्तर राहिलं बाजूला, हसायचे इमोजी टाकून मोकळे झाले सगळे. सहा तर 12-13 स्पीडचे ड्रायव्हरच, म्हणजे लांब फेकायच्या डिस्क, होते त्यात; स्पीडचा आकडा मोठा तेवढी ती जोरात फेकावी लागती. हाताला तेवढा वेग नसला की ते उजव्या हातानं साधं फेकणाऱ्याचे डावीकडं वळून आपटतात, हे एकानंबी सांगितलं नाही. मला वाटायचं आपलाच हात वाकडा.

लेकीकडं अमेरिकेत होतात तेव्हा रोज सकाळी पार्कात खेळायचात हे मला लई उशिरा कळलं. आधी तुम्ही काहीच बोलला नाहीत, तिसऱ्या बाभळीपाशी गुमान माझी बॅग आपल्या खांद्याला अडकवली. एक डिस्क 170-175 ग्रॅमची, म्हणजे तीन किलो झालेच की, वर पाण्याच्या बाटल्या. मलाच लाज वाटली. मग तुम्ही तीनच बाहेर काढल्या, 3 स्पीडचा जवळून टाकायचा पटर, 5 ची मधल्या अंतराची मिडरेंज, 7 चा जरा लांबचा फेअरवे ड्रायव्हर. म्हणलात, "लेका, त्या काठीच्या गोल्फात 14 च्या वर काठ्या नेता येत नाहीत, इथं तसं बंधन नाही म्हणून काय घर उचलून आणायचं का? ही एकच मिडरेंज इकडं झुकवून फेक, तिकडं झुकवून फेक, तिचा स्वभाव कळू दे, चौथीचं मग बघू."

पण काका, माझ्या डोक्यात बसलंय ते दुसरंच. रात्री पाऊस झालेला, काळी माती डिस्कला गच्च धरू लागली. दर फेकीला तुम्ही डिस्क तुमच्या पांढऱ्या दस्तीनं पुसायचात, कडेवरून बोट फिरवून कोरडी झाली का बघायचात आन मगच माझ्या हातात द्यायचात. चाळीस फेकी झाल्या असतील, एकदाबी चुकलं नाही. बाप गेल्यापासून कोणी मला अशी पुसून वस्तू हातात दिली नव्हती हो. ना ओळख ना पाळख, ना व्हिडिओ काढायचा ना क्लास लावा म्हणायचं. सल्ले देणारे लई भेटले, बॅग घेणारे तुम्ही एकलेच.

बाकीच्या 14 माळ्यावर टाकल्यात. दस्ती तेवढी बॅगेत राहून गेली, दोनदा पावडरीत भिजवली तरी मातीचा डाग काही निघंना. रविवारी तशीच घेऊन येतो, तिसऱ्या बाभळीपाशी थांबतो.